जांभळ्या मक्याच्या बाई

आमच्या यानापुक्योच्या शाळेत एकवीस वर्षं रसायन शिकवणाऱ्या सेनोबिया कोचाचिन बाई फोटोत कधी हसायच्या नाहीत. पुढचा एक दात सोन्याचा होता, त्याची त्यांना लाज वाटायची. आयुष्यात एकदाच त्या फोटोसाठी तोंडभर हसल्या, आणि नेमका तोच फोटो चाळीस खोक्यांवर छापला गेला. हसायला सांगणारा माणूस परका नव्हता. त्याच्याबद्दल बोलायचं तर माझं डोकं अजून फिरतं, पण मी बोलणार. त्याच शाळेत मी गणित शिकवायचो, आणि पुढे ज्या कागदाबद्दल सांगणार आहे त्यावर अक्षर माझं आहे.

शाळेत प्रयोगशाळा नव्हती. एक कपाट होतं. आत सरकारनं कधीकाळी पाठवलेल्या काचेच्या नळ्या होत्या, आणि त्या फुटतील म्हणून कपाट उघडायची बंदी होती. बाईंनी पहिल्याच वर्षी त्या कपाटाकडे पाठ फिरवली. आरोग्यकेंद्रातून त्या गोळ्यांची रिकामी पाकिटं गोळा करून आणायच्या. गोळी बसायची ती खळगी म्हणजे त्यांचं चंचुपात्र. सुई काढलेली इन्सुलिनची सिरिंज म्हणजे मापनळी. पेन्सिलीतली दोन शिसं, एक बॅटरी आणि नाताळच्या माळेतला एक बारका दिवा साबणाच्या डबीत बसवला की पाण्यातले क्षार ओळखायचं यंत्र तयार. शिसं पाण्यात बुडवायची. क्षार जितके जास्त तितका दिवा उजळ.

पण बाईंचं खरं प्रेम जांभळ्या मक्यावर. तो मका आमच्या घरोघरी असतो. कणसं दालचिनी-लवंग घालून उकळायची, गार झालं की लिंबू पिळायचं, साखर घालायची, की सणाचं पेय तयार. खालच्या गावांत त्यात अननस घालतात, पण अननस काही आमच्या चढणीवर येत नाही. लिंबू पडलं की ते गडद जांभळं पाणी लालभडक होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाईंनी तेवढंच धरलं. आंबट पाण्यात लाल, चांगल्या पाण्यात जांभळं, राखेच्या पाण्यात हिरवट. पाच थेंब ओढ्याचे, पाच थेंब मक्याचे. "पाण्याला चव विचारायची, पण जीभ लावायची नाही," असं त्या मुलांना सांगायच्या. आमच्या वरच्या डोंगरात खाण आहे. खाणीतल्या दगडांवरून आलेलं पाणी आंबट असतं, आणि ते आंबट पाणी सोबत काय काय वाहून आणतं ते डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे हा नुसता शाळेचा खेळ नव्हता.

एकच अडचण होती. मक्याचं पाणी टिकायचं नाही. तिसऱ्या दिवशी त्याला फेस यायचा आणि चौथ्या दिवशी ते स्वतःच आंबून जायचं. मुख्याध्यापक चेष्टा करायचे, "बाई, तुमचा तास आठवड्याच्या शेवटी ठेवा, म्हणजे मीही पेला घेऊन बसतो." बाई दर सोमवारी नवं पातेलं चढवायच्या. दुसऱ्या शाळांतले मास्तर यायचे, बघायचे, वाहवा करायचे आणि घरी जाऊन विसरायचे. दर आठवड्याला चूल कोण पेटवणार? वर्षभर टिकणारी एक बाटली मिळाली तर प्रत्येक शाळेला पोचवता येईल, एवढंच बाईंचं स्वप्न होतं. माणसाचं स्वप्न इतकं छोटं असलं की ते पुरं करायच्या मिषानं त्याला फसवणं सोपं जातं.

आता एलेउतेरियो माग्विन्या. बाईंचा पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. अभ्यासात बेताचा, बोलण्यात मधाचा. शहरात जाऊन आला आणि खाणीत नोकरीला लागला. काम काय, तर गावाशी गोड बोलायचं. त्याची धाकटी नेलिदा तीन वर्षांची झाली तेव्हा तिचे पहिले केस कापायला त्यानं बाईंना बोलावलं. आमच्याकडे तोवर मुलीच्या डोक्याला कात्री लागत नाही. त्या दिवशी केसांच्या बारीक बारीक वेण्या घालतात आणि पहिली वेणी धर्ममाता कापते. बाईंनी ती कापली आणि त्या दिवसापासून त्या एलेउतेरियोच्या कोमाद्रे झाल्या, तो त्यांचा कोम्पाद्रे. हे नातं आमच्यात रक्ताच्या वर. भाऊ भावाला कोर्टात खेचेल, पण कोम्पाद्रे कोमाद्रेपुढे आवाज चढवणार नाही. ज्याच्या कानाखाली लहानपणी दोनदा वाजवली होती त्यालाच बाई त्या दिवसापासून 'तुम्ही' म्हणू लागल्या. रीतच आहे तशी.

ऑगस्टमध्ये तो शिक्षकांच्या खोलीत एक छान छापील खोकं घेऊन आला. आत खळग्यांची पट्टी, सिरिंजा, दिव्याची डबी, सगळं बाईंचंच, फक्त नवं कोरं. आणि थेंब पाडायच्या टोपणाची एक बाटली.

"कोमाद्रे, वास घ्या," तो म्हणाला.

बाईंनी हुंगलं. "मक्याचाच आहे. कधीचा?"

"एप्रिलचा."

"काहीतरीच!"

"चार महिने झाले, कोमाद्रे. खाणीच्या इंजिनियरांनी टिकवायचं औषध घातलंय. चाळीस शाळांना चाळीस खोकी देणार. वर तुमचं नाव."

बाईंनी बाटली उजेडाला धरली. "जरा निळसर दिसतंय."

"ते औषधाचं."

"औषध कसलं?"

"नाव सांगितलं होतं, पण जिभेवर बसत नाही. तुमचाच विद्यार्थी ना मी, रसायनात काठावर पास!"

बाई हसल्या. डब्यातलं लिंबू कापून त्यांनी बाटलीतल्या थेंबांवर पिळलं. लाल झालं. राखेचं पाणी घातलं. हिरवं झालं. एकवीस वर्षं त्या प्रत्येक पातेलं असंच तपासत आल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात एलेउतेरियोनं फोन काढला. "आता हसा ना, कोमाद्रे. दात दिसू दे. सोनं आहे ते, लपवता कशाला?" त्या हसल्या. मी शेजारीच बसून टाळ्या वाजवत होतो.

ऑक्टोबरात गावची सभा भरली. खाणीला काम दुप्पट करायचं होतं. त्यासाठी गावानं लिहून द्यायचं होतं, की गेल्या वर्षभराच्या कामानं आमच्या ओढ्याचं पाणी बिघडलेलं नाही. हा ओढा आमची मेंढरं पितात, बटाट्याच्या वाफ्यांना तोच, आणि टाकी आटली की माणसांनाही तोच. खाणीचे इंजिनियर एक चकचकीत यंत्र घेऊन आले होते. सरपंच ग्लिसेरियो उठून म्हणाला, "साहेब, तुमचं यंत्र तुमच्या ताटातलं जेवतं. ते तुमच्याच बाजूनं बोलणार. आमच्या बाई तपासतील ते खरं."

सगळ्या सभेनं माना डोलावल्या. इंजिनियरांनी यंत्र मुकाट्यानं पिशवीत घातलं. "तुमच्या बाई म्हणतील ते आम्हाला मान्य." आम्हाला वाटलं, जिंकलो! एवढ्या पटकन ते कसे कबूल झाले, असा विचार त्या मैदानावर एकाच्याही मनात आला नाही. माझ्याही नाही, आणि मी म्हणे गणिताचा मास्तर.

ओढ्यातून तीन ठिकाणचं पाणी आणलं. बाईंनी नवं खोकं उघडलं. पाच थेंब पाण्याचे, पाच थेंब बाटलीतले. तिन्ही खळग्यांत जांभळं. पट्टी हातोहात सगळ्या सभेतून फिरली, म्हाताऱ्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग बाईंनी दिव्याची डबी घेतली. ही मात्र त्यांची स्वतःची, जुनी. शिसं पाण्यात बुडवली तसा दिवा लख्ख पेटला.

"आज फारच उजळ लागतोय," बाई म्हणाल्या.

"सकाळीच नवी बॅटरी घातली मी, कोमाद्रे," शेजारून एलेउतेरियो म्हणाला. "सभेत दिवा मिणमिणला असता तर आपली शोभा झाली असती."

बाईंनी डबी खाली ठेवली. सभेकडे वळल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "पाणी चांगलं आहे."

माझं अक्षर गावात बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. मी लिहिलं: 'सेनोबिया कोचाचिन बाईंनी सर्वांसमक्ष स्वतः तपासून पाणी चांगलं असल्याचं सांगितलं.' खाली पहिली सही बाईंची, दुसरी माझी, मग सह्या आणि अंगठे मिळून एकशे बारा. राजधानी लिमाहून आलेल्या खाणीच्या वकिलानं शाई वाळायच्या आत कागद फायलीत घातला. त्याची गाडी वळणाआड गेली तेव्हा शाळेच्या आवारात चुली पेटत होत्या.

स्वयंपाक मेल्चोरामावशीकडे. दोनशे माणसांचं जेवण, बटाटे, भाजलेला मका, आणि मोठ्या हंड्यात जांभळं पेय. पण टाकी दुपारीच आटली. मावशी म्हणाली, "ओढ्याचं आणा की. आत्ताच तर बाई म्हणाल्या चांगलं आहे." बादल्या आल्या, हंडा चढला, कणसं पडली. अर्ध्या तासानं मावशीनं झाकण काढलं आणि ओरडली, "लिंबू कुणी पिळलं?"

मावशीनं हातातला झारा सगळ्यांवर रोखला.

"अरे, गार व्हायच्या आधी लिंबू पिळतात का? कुठल्या शहाण्याचं काम हे?"

"मावशी, वय झालं तुझं. तूच पिळलंस आणि विसरलीस," कुणीतरी म्हणालं.

"वय झालं तुझ्या बापाचं! ही बघ लिंबं!" मावशीनं पिशवी उचलून दाखवली. गाठ तशीच होती.

बाई ताट हातात घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी हंड्यात पाहिलं. उकळी लाल होती, सणाच्या पेल्यासारखी लाल. "पाणी कुठलं, मेल्चोरा?" त्यांनी विचारलं. "ओढ्याचं," मावशी म्हणाली. बाईंनी ताट तिथेच जमिनीवर ठेवलं. टाकीच्या तळाशी उरलेलं तांब्याभर पाणी मागवलं, त्याच कणसांतलं एक मोडून छोट्या पातेल्यात उकळलं. ते जांभळं झालं. दोन पेले शेजारी शेजारी ठेवले, एक जांभळा, एक लाल. मग त्यांनी खोक्यातली निळसर बाटली घेतली आणि लाल पेल्यात ओतली. थोडी, मग अजून थोडी. लाल पेला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जांभळा झाला.

"बाटलीत सोडा आहे," बाई मला म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता की मला वाकावं लागलं. "पाण्याचा आंबटपणा बाटलीच मारून टाकते, सर. लिंबू जहाल, त्याच्यापुढे थेंबभर सोड्याचं काय चालणार? म्हणून लिंबाला लाल झालं. ओढा लिंबाएवढा आंबट नसतो. मी लिंबानं तपासलं. एकवीस वर्षं मी लिंबानंच तपासते, आणि हे कुणाला माहीत आहे?"

वर्गात बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

बाईंनी हंड्यातलं लाल पाणी एका पेल्यात घेतलं, साखर घातली आणि पाहुण्यांच्या टेबलापाशी गेल्या. एलेउतेरियो खाणीच्या साहेबांबरोबर बसला होता. पुढ्यात दुकानातली पाण्याची बंद बाटली.

"घ्या, कोम्पाद्रे."

"पोट जरा बिघडलंय, कोमाद्रे. नंतर घेतो."

"नेलिदाचे केस कापले त्या दिवशीही पोट बिघडलं होतं. सात पेले प्यालात."

लोक हसले. त्याला हसू आलं नाही. कोमाद्रेच्या हातचा पेला परत करणं म्हणजे भर सभेत थोबाडीत मारणं, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं पेला घेतला, ओठांजवळ नेला, आणि तसाच धरून बसला.

"पी, एलेउतेरियो," बाई म्हणाल्या.

तो 'पी' ऐकून आवारातल्या सगळ्या माना वळल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला एकेरी हाक मारली नव्हती. त्यानं पेला टेबलावर ठेवला.

"मी फक्त बाटल्या पोचवल्या, कोमाद्रे. आत काय आहे ते इंजिनियरांना विचारा."

"आणि बॅटरी?" बाईंनी कमरेच्या पिशवीतून दिव्याची डबी काढली आणि मागचं झाकण उघडलं. बॅटरीवर त्यांच्या हातची मार्च महिन्याची तारीख होती. "ही नवी का? दिवा उजळला तो पाण्यानं. तुला ते माहीत होतं, कारण तुलाही मीच शिकवलं होतं."

मग तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "लोक तुमचं ऐकतात ना, कोमाद्रे. म्हणून तर तुम्ही लागत होता."

केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. लेकीचे केस त्यानं या बाईंच्या ओंजळीत दिले होते, आणि त्याच नात्याच्या आडून त्यानं काम साधलं. पेला टेबलावर तसाच राहिला. साहेब लोक उठून गाडीत बसले, मागोमाग तोही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या माणसानं कागद वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "तपासणी तुमच्याच बाईंनी केली ना? सही यांचीच ना?" बाई म्हणाल्या, "माझीच." पुढच्या पावसाळ्यापर्यंत ओढ्यातले दगड गंजल्यासारखे तांबडे झाले. मासे दिसेनासे झाले. मेंढरं आता दोन तास चालवून पलीकडच्या दरीत न्यावी लागतात. तक्रार अजून कुठल्या तरी टेबलावर आहे. गावात कुजबुजही झाली, की बाईंनी काहीतरी घेतलं असणार. माझ्यासमोर जो असं बोलला त्याच्याशी मी आजही बोलत नाही. मेल्चोरामावशीनं तर एकाला झाऱ्यानं हाणलं. पण आया बाईंना रस्त्यात भेटल्या की पूर्वी थांबायच्या, त्या आता नुसती मान हलवून जाऊ लागल्या. बाईंना ते लागलं. त्यांनी तसं मला सांगितलंही: "एलेउतेरियोनं फसवलं ते मी गिळीन, सर. पण गावाला वाटतं की मी फसवलं. ते कसं गिळू?"

नेलिदा त्यांच्याच वर्गात होती. एलेउतेरियो खाणीच्या वसाहतीत राहायला गेला, पोरगी आजीकडे राहिली. बाईंनी तिला पहिल्या बाकावरून हलवलं नाही. मी एकदा काहीतरी बोललो तर माझ्यावरच उखडल्या. "तिचे केस मी कापलेत. पोरीचा काय दोष?"

राहिली चाळीस खोकी. ती सभेच्या आधीच वाटली गेली होती. बाईंनी पत्रं लिहिली, उत्तरं आली नाहीत. मग दर शनिवारी त्या छोटं पातेलं, दोन कणसं आणि बाटलीभर पावसाचं पाणी घेऊन गाडीनं निघू लागल्या. एकेका शाळेत जायचं, निळसर बाटली मोरीत ओतायची, तिथल्या पाण्यात कणीस उकळून दाखवायचं. काही ठिकाणी पाणी जांभळं व्हायचं आणि बाई मोकळा श्वास घ्यायच्या. तेवीस शाळा झाल्या. चोविसावी कोचापांपाची, खाणीच्या पलीकडच्या उतारावर. तिथे मी त्यांच्याबरोबर होतो.

शाळेला सुट्टी होती. स्वयंपाकीण बाईनं दार उघडलं आणि सेनोबिया बाईंकडे निरखून पाहिलं. "अगबाई! खोक्यावरच्या बाई तुम्हीच ना?" तिला कोण आनंद झाला. आम्हाला चुलीपाशी बसवलं, भाजलेला मका दिला. "तुमच्यामुळे निर्धास्त झालो हो. पूर्वी पोरांना पाणी लांबच्या झऱ्यावरून आणायचो. तुमच्या बाटलीनं दाखवलं की ओढा चांगला आहे. दीड वर्ष झालं, ओढ्याचंच पितात सगळी."

बाईंच्या हातातला मका हातातच राहिला. त्यांनी पातेलं काढलं, घागरीतलं पाणी ओतलं, कणीस मोडून टाकलं. आम्ही तिघं उकळीची वाट बघत बसलो. पाणी लाल झालं.

"लिंबू कधी घातलंत?" स्वयंपाकिणीनं विचारलं.

"नाही घातलं," बाई म्हणाल्या. "हे तुमचं पाणी आहे. पोरांना देऊ नका. ती बाटली खोटी आहे."

त्या बाईनं पातेल्यात पाहिलं, मग सेनोबिया बाईंकडे. मग उठली, फळीवरचं खोकं काढलं, शालीच्या टोकानं पुसलं आणि आमच्यासमोर धरलं.

"पण बाई," ती म्हणाली, "यावर तर तुम्हीच हसताय."